विजेच्या गाडीचा कायाकल्प

(नभोवाणीवरील भाषण)

पेट्रोलची मोटारगाडी म्हातारी होते ती सर्वांगानें होते. तिचे दट्टे झिजतात, झडपा सैल होतात, दंतचक्रें खडखडूं लागतात. एक भाग दुरुस्त करावा तों दुसरा कुरकुर करतो. विजेच्या गाडीचें वार्धक्य निराळें आहे. तिचीं चाकें फिरविणाऱ्या विद्युत्‌यंत्रांत फिरणारा मुख्य भाग एकच असतो. त्यांत ना स्फोट ना धूर. म्हणून दहाबारा वर्षांनंतरहि तें पुष्कळदां नव्यासारखेंच चालतें. पत्रा शाबूत, आसनें शाबूत, यंत्र शाबूत. परंतु जी गाडी पूर्वीं एकदां वीज भरली कीं शंभर किलोमीटर जात असे, ती आतां साठालाच थांबूं पाहते. कारण तिची बॅटरी थकलेली असते. शरीर तरुण आणि काळीज मात्र वृद्ध, अशी ही विलक्षण अवस्था होय.

अशा वेळीं साहजिकच मनांत येतें कीं, जुनी बॅटरी काढून तिच्या जागीं नव्या काळाची, अधिक वीज सांठविणारी बॅटरी बसवितां येईल काय? तसें झालें तर गाडी नुसती पूर्ववत् होणार नाहीं. ती नवी होती त्याहूनहि दूर जाऊं लागेल. हें केवळ मनोराज्य नव्हे. युरोप, अमेरिका आणि न्यूझीलंड येथें अशा गाड्या आज रस्त्यांवर धांवत आहेत. परंतु यांत लाभ कोणता, अडचण कोणती आणि धोका कोणता, हें समजून घेतल्यावांचून या वाटेस जाणें इष्ट नाहीं. तेंच आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम मापाची गोष्ट. घरच्या विजेच्या बिलांत ज्याला आपण युनिट म्हणतों, तोच शास्त्रांतील एक किलोवॅट-तास. गाडीच्या बॅटरीची सांठवण याच मापानें मोजतात. निसान कंपनीची लीफ नांवाची गाडी २०१० सालच्या डिसेंबरांत जपानांत व अमेरिकेंत विक्रीस आली. तिची बॅटरी २४ युनिटांची होती. ही बॅटरी म्हणजे एकच एक मोठी वस्तु नव्हे. विजेरींत आपण जे सेल घालतों त्यांच्याच कुळांतले, परंतु शाळेंतील पाटीएवढे चपटे असे १९२ सेल तींत होते. मराठींत त्यांना आपण घट म्हणूं. हे घट दोन दोन शेजारीं जोडून त्यांच्या ९६ जोड्या केल्या होत्या, आणि त्या जोड्या एकापुढें एक अशा माळेंत ओवल्या होत्या. प्रत्येक जोडीचा विद्युत्‌दाब सुमारें पावणेचार व्होल्ट. अशा ९६ जोड्यांचा मिळून सुमारें ३६० व्होल्ट.

येथें पाण्याच्या टाकीचा दृष्टान्त घेऊं. टाकी जितकी उंचावर, तितका नळाला जोर. टाकीचा घेर जितका मोठा, तितका वेळ पाणी पुरावयाचें. माळेंतील दुव्यांची संख्या ही टाकीची उंची, आणि प्रत्येक दुव्याची सांठवण हा टाकीचा घेर. गाडीचीं सर्व विद्युत्‌यंत्रें एका ठराविक उंचीसाठीं घडविलेलीं असतात. उंची बदललेली त्यांना खपत नाहीं. घेर वाढलेला मात्र चालतो. जुन्या गाडीच्या कायाकल्पाचें निम्में रहस्य या एका वाक्यांत आहे. उरलेलें निम्में पुढें येईल.

आतां घट थकतो म्हणजे काय होतें तें पाहूं. लिथियम-आयन घटांत लिथियमचे विद्युत्‌भारित कण वीज भरतांना एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि गाडी चालतांना परत येतात. या येरझाऱ्यांत कांहीं कण कायमचे अडकून पडतात. ऋण ध्रुवावर दुधावरील सायीप्रमाणें एक पातळ पटल धरत जातें आणि तें लिथियम गिळून बसतें. गाडी नुसती उभी असली तरी हें पटल वाढतच असतें. उष्णतेंत तर तें झपाट्यानें वाढतें, आणि बॅटरी पूर्ण भरून उन्हांत ठेवली तर अधिकच.

याचा अनुभव अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत आला. तेथील फीनिक्स शहरीं उन्हाळ्यांत पारा दिवसेंदिवस ४० अंशांच्या वर राहतो, आणि लीफच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठीं ना पंखा होता, ना पाण्याच्या नळ्या. २०१२ सालीं तेथील गाडीमालकांनीं ओरड केली कीं, गाडी घेऊन फार दिवस झाले नाहींत तोंच बॅटरीची सांठवण डोळ्यांत भरण्याइतकी घटली. या गाडीच्या फलकावर बॅटरीचें आरोग्य दाखविणाऱ्या १२ रेषा असतात. पहिली रेषा मालवते तेव्हां सुमारें १५ टक्के सांठवण गेलेली असते. कंपनीनें पुढें अमेरिकेंत अशी हमी दिली कीं, ५ वर्षें किंवा ६० हजार मैल यांच्या आंत रेषा ९ हून कमी झाल्या तर बॅटरी दुरुस्त करून अथवा बदलून देऊं. २०१४ सालीं, जुनी बॅटरी परत घेऊन नवी ५,४९९ डॉलरांस देण्याचेंहि तिनें जाहीर केलें. ही नवी बॅटरी उष्णतेस अधिक टिकाऊ होती, परंतु सांठवण तीच, २४ युनिटांची. काळीज नवें मिळालें. मोठें मिळालें नाहीं.

दरम्यान घटांचें शास्त्र पुढें गेलें होतें. याचें सर्वांत सुबोध उदाहरण बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या आय-थ्री या गाडीचें आहे. २०१३ सालीं ही गाडी निघाली तेव्हां तींत ९६ घट एकापुढें एक जोडलेले होते, आणि प्रत्येकाची सांठवण ६० ॲम्पियर-तास होती. बॅटरी एकंदर सुमारें २२ युनिटांची. २०१६ सालीं घट ९४ ॲम्पियर-तासांचा झाला आणि बॅटरी ३३ युनिटांची; २०१८ सालीं घट १२० ॲम्पियर-तासांचा आणि बॅटरी सुमारें ४२ युनिटांची. तिन्ही वेळां घटांची संख्या ९६ च राहिली आणि बॅटरीचा बाहेरील आकारहि तोच राहिला. आंतील ध्रुवांच्या द्रव्यांत आणि थरांत मात्र सुधारणा झाली. उंची तीच, जागा तीच, घेर जवळजवळ दुप्पट! इतकेंच नव्हे, तर २०१६ सालीं त्या कंपनीनें कांहीं निवडक देशांत जुन्या गाडीला ३३ युनिटांची बॅटरी बसवून देण्याची योजनाहि काढली. कर्त्यानेंच दार उघडें ठेवलें म्हणजे काम किती सरळ होतें, तें यावरून दिसेल.

लीफच्या बाबतींतहि घटांनीं असाच पल्ला गांठला. २०१७ सालीं निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या लीफमध्यें बॅटरी ४० युनिटांची होती. तींतहि घट १९२ च, जोड्या ९६ च. मात्र प्रत्येक घट सुमारें ३३ ऐवजीं ५६ ॲम्पियर-तासांचा. वजन पूर्वींप्रमाणेंच सुमारें ३०० किलो. अमेरिकन सरकारच्या चाचणींत पहिली लीफ एका भरण्यांत ११७ किलोमीटर जाई, तर ही २४३ किलोमीटर गेली. २०१९ सालीं ६२ युनिटांची बॅटरी आली. तींत घट तीन तीन शेजारीं जोडून एकंदर २८८ केले होते. ती अर्थातच अधिक जड आणि जाड आहे. न्यूझीलंडमधील पुष्कळशा लीफ गाड्या जपानांत वापरून झालेल्या आणि मग तेथें आणलेल्या आहेत. म्हणून तेथें थकलेल्या बॅटरीचा प्रश्न लवकर उभा राहिला. अपघातांत मोडलेल्या नव्या लीफची सुस्थितींतील बॅटरी काढून ती जुन्या लीफच्या पोटाखालीं बसवावयाची, हा मार्ग तेथील कारागिरांनीं चोखाळला.

येथें रहस्याचें उरलेलें निम्में पुढें येतें. बॅटरी खिळ्यांवर बसली, तारा जुळल्या, दाबहि जुळला, तरी गाडी चालत नाहीं. कारण बॅटरी आणि गाडी यांचा सतत संवाद चाललेला असतो. बॅटरीच्या पोटांत एक लहानसा गणकयंत्राचा फलक असतो. तो प्रत्येक जोडीचा दाब पाहतो, तपमान पाहतो, आणि किती वीज उरली, किती प्रवाह घेणें वा देणें सुरक्षित आहे, हें सेकंदांत कित्येकदां गाडीच्या मुख्य गणकयंत्रास कळवितो. जुनी गाडी जुन्या बॅटरीच्या बोलीस सरावलेली असते. नव्या बॅटरीची बोली तिला उमगत नाहीं. परक्या माणसाच्या हातीं घराची किल्ली न देणाऱ्या म्हाताऱ्या रखवालदाराप्रमाणें ती मुकाट बसून राहते. यावर तोडगा म्हणून दोहोंच्या मध्यें एक लहान दुभाषा-यंत्र बसवितात. तें नव्या बॅटरीचे निरोप जुन्या बोलींत उलथून गाडीला सांगतें. गाडीमालकांनीं आणि हौशी तंत्रज्ञांनीं हे निरोप चिकाटीनें टिपून त्यांचा अर्थ लावला, म्हणून हें साधलें. रसायनशास्त्रानें जें सोपें केलें, तें गणकयंत्रानें कठीण केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां सावधगिरीच्या चार गोष्टी सांगतों. त्या नीट ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, नवे आणि जुने घट एका माळेंत मिसळूं नयेत. माळेंतून सर्वांना एकच प्रवाह जातो. म्हणून सर्वांत दुबळा घट रिकामा झाला कीं इतरांत वीज शिल्लक असूनहि माळ थांबवावी लागते. ९० मोठे घट घातले आणि सहा जुने ठेवले, तर बॅटरी त्या सहांच्याच मापाची होते. खर्च मात्र नव्वदांचा होतो. शिवाय भरलेला घट रिकाम्या घटाच्या शेजारीं जोडला तर एकांतून दुसऱ्यांत प्रवाहाचा लोंढा जातो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट, घट म्हटला कीं तो एकाच जातीचा असतो असें नाहीं. वर सांगितलेल्या गाड्यांतील घट पूर्ण भरल्यावर सुमारें ४.१ ते ४.२ व्होल्टांपर्यंत जातात. बाजारांत मिळणारे लोह-फॉस्फेट जातीचे घट टिकाऊ आणि स्वभावानें शांत आहेत खरे, परंतु त्यांचा साधारण दाब ३.२ व्होल्ट आणि वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. ते एकास एक या हिशेबानें जुन्या माळेंत घातले तर गाडी त्यांना मर्यादेपलीकडे भरूं पाहील, आणि उरलेल्या विजेचा अंदाजहि चुकेल. संख्या जुळली म्हणजे सर्व जुळलें, असें समजणें येथें महाग पडतें.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीचा दाब ४०० व्होल्टांच्या घरांत जातो. घरची वीज सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येते. बॅटरीची वीज एकाच दिशेनें अखंड वाहते, म्हणून तिची ठिणगी एकदां धरली कीं सहजासहजीं सुटत नाहीं. घरांत आपण बटण दाबून वीज बंद करतों. बॅटरी मात्र कोणी बंद करूं शकत नाहीं. माळ मध्यें तोडणारी खुंटी तींत असते, परंतु ती उपसल्यावरहि प्रत्येक तुकडा जिवंतच राहतो. आणि एखाद्या घटाला आंतून इजा झाली तर तो तापून पेट घेतो व शेजाऱ्यांनाहि पेटवितो. म्हणून हें काम विद्युत्‌रोधक हातमोजे, योग्य हत्यारें आणि त्या विद्येचें शिक्षण असलेल्या कारागिराचेंच आहे. अंगणांत हौसेनें करण्याचें हें काम नव्हे.

चौथी गोष्ट, घेर वाढला तरी तोटी तीच राहते. जुन्या लीफच्या आंतील वीज भरणारें यंत्र ताशीं सुमारें ३.३ युनिटें घेणारें असलें, तर २४ युनिटांच्या बॅटरीस जेथें सातआठ तास लागत, तेथें ४० युनिटांस बारा तासांहून अधिक लागतील. गाडीची शक्तीहि वाढत नाहीं. वाढतें तें अंतर. बॅटरी अधिक जड असेल तर कमानी आणि गतिरोधक तें वजन पेलतील कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें.

इतकें कळल्यावर खर्चाचा विचार करावा. पहिला प्रश्न असा कीं, मोठ्या बॅटरीची आपल्याला गरज आहे काय? ११७ किलोमीटर जाणाऱ्या गाडीची सांठवण ६० टक्क्यांवर आली तरी ती सुमारें ७० किलोमीटर जाईल. ज्याचें रोजचें जाणेंयेणें तीस किलोमीटरांचें आहे, त्याला नव्या बॅटरीची कांहींच निकड नाहीं. गाडी सांवलींत उभी करावी, रोज कांठोकांठ भरूं नये, आणि निश्चिंत असावें. दुसरा प्रश्न, गाडीचें उरलेलें शरीर धडधाकट आहे काय? पत्रा गंजला असेल तर नव्या काळजाचा उपयोग नाहीं. तिसरा प्रश्न, पूर्ववत् सांठवणीवर भागत असेल तर दुरुस्त केलेली बॅटरी मिळते काय? २०१८ सालीं जपानांतील फुकुशिमा प्रांतांत नामिए या गांवीं निसान आणि सुमितोमो यांच्या फोर-आर एनर्जी या संस्थेनें जुन्या बॅटऱ्या तपासून, त्यांतील चांगले भाग निवडून, पुन्हां जुळविण्याचा कारखाना काढला. तेथील २४ युनिटांची बॅटरी ३ लाख येनांस मिळूं लागली, तर नव्या बॅटरीची किंमत ६ लाख ५० हजार येन होती. यावरून दुसरीहि एक गोष्ट कळते. गाडीला नकोशी झालेली बॅटरी मृत नसते. घरचे दिवे चालविण्यास किंवा सूर्यप्रकाशाची वीज रात्रीसाठीं राखण्यास ती पुढें कित्येक वर्षें उपयोगी पडते. तिला कचऱ्यांत टाकणें हा अपव्यय आहे आणि अपायहि आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न दूरदेशींचा वाटेल. परंतु तो आपल्या दाराशीं येऊन ठेपला आहे. बंगळूरची रेवा ही लहान गाडी २००१ सालीं निघाली, तेव्हां तींत शिशाच्या सहा व्होल्टांच्या आठ बॅटऱ्या होत्या. घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी बदलावी तशा त्या कांहीं वर्षांनीं बदलणें ओघानेंच येई. आजच्या गाड्यांचें तसें नाहीं. पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होणारी टाटांची विजेवरील नेक्सॉन २०२० सालच्या जानेवारींत बाजारांत आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची, आणि हमी ८ वर्षें किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांची होती. पुढें २०२२ सालीं त्याच नांवाची ४०.५ युनिटांची गाडीहि निघाली. म्हणजे पहिल्या गाड्यांची हमी २०२८ सालापासून संपूं लागेल, आणि आपल्याकडील अनेक कुटुंबांना हाच प्रश्न पडेल कीं, बॅटरी बदलावी, मोठी घालावी, कीं गाडीच मोडींत काढावी?

त्या वेळीं दोन गोष्टींचें भान असावें. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, कर्त्यानें मूळ नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास आपल्या मनानें करतां येत नाहीं. तसें केल्यास विम्याचा दावाहि अडचणींत येऊं शकतो. म्हणून बॅटरी कोणत्या कसोटीस उतरली आहे, हें कागदावर पाहिल्याशिवाय ती घेऊं नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था अशा कसोट्या घेतात, आणि दुचाकी गाड्यांना आगी लागल्यावर २०२२ सालीं या कसोट्या अधिक कडक झाल्या. दुसरें असें कीं, त्याच वर्षीं निघालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातीं देण्याचें कारण नाहीं.

आपल्या लोकांना जीर्णोद्धार नवा नाहीं. वाडा जुना झाला म्हणून आपण तो पाडीत नाहीं. कुजलेली तुळई काढतों, नवी घालतों, आणि आणखी एक पिढी त्याच छपराखालीं सुखानें राहते. विजेच्या गाडींत कुजणारी तुळई बहुधा एकच आहे, आणि नवी तुळई जुनीहून बळकट मिळते आहे. मग अडतें कोठें? अडतें तें घटांपाशीं नव्हे, तर कर्त्यानें दार उघडें ठेवलें आहे कीं बंद केलें आहे, येथें. म्हणून विजेची गाडी घेणाऱ्यानें रंग, वेग आणि आसनें यांची चौकशी करतांना एक प्रश्न आधींच विचारावा: दहा वर्षांनीं हिची बॅटरी बदलून मिळेल काय, किती किंमतीस मिळेल, आणि तेव्हांची मोठी बॅटरी हिला चालेल काय? याचें उत्तर लेखी मागावें. गाडी जुनी झाल्यावर विचारलेल्या या प्रश्नाला फारशी किंमत नसते. विकत घेण्याच्या दिवशीं विचारला, आणि तोहि शेंकडों ग्राहकांनीं विचारला, तर गाड्या घडविणाऱ्यांना त्याचें उत्तर द्यावेंच लागेल.